सुबक, नामनिर्देशित आणि दुरुस्त करता येणारी

‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.’ महाराष्ट्रात दहावीला बसलेल्या माणसाला हे वाक्य विसरता येत नाही. या एका ओळीसाठी पेन्सिलीला टोक काढून ठेवलेलं असायचं, पट्टी आणि खोडरबर हाताशी असायचा, आणि नावांच्या रेघा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत हे बाईंनी बजावलेलं असायचं. पुढे मी स्वतः बाई झाले. बावीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि हीच ओळ मुलांना सांगत आले. संगणकावर आकृती काढायला शिकवणाऱ्या या पुस्तिकेसाठी प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की त्या ओळीत एका गोष्टीची भर घालायला हवी. ही सगळी पुस्तिका त्या एका भरीसाठीच लिहिली गेली आहे.

ती भर मला कशी सुचली ते सांगते. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर मानवी हृदयाची आकृती आली. रंग छान होते, रेघा नेटक्या होत्या, नावं मराठीत होती. इंग्रजी आकृत्यांवर चिकटपट्टी लावून मराठी नावं लिहिणाऱ्या आम्हा लोकांना ती पाहून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवायला घेतली तेव्हा दिसलं, की ‘फुप्फुस धमनी’ आणि ‘फुप्फुस शिरा’ ही दोन नावं एकमेकांच्या जागी पडली आहेत. ही चूक होण्यासारखीच आहे. एरवी धमनीतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं असं आपण शिकवतो. उजव्या निलयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत मात्र ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, आणि फुप्फुसाकडून डाव्या अलिंदाकडे येणाऱ्या शिरांमध्ये ऑक्सिजनयुक्त. लाल रंग दिसला की हात आपोआप ‘धमनी’ लिहून जातो.

दोन शब्दांची अदलाबदल करायची होती, दोन मिनिटांचं काम. पाठवणाऱ्या सरांना फोन केला. त्यांना ती दुसऱ्या गटावरून आली होती. तिथून तिसरीकडे. शेवटी जिथे ती मुळात तयार झाली त्या डीटीपीच्या दुकानापर्यंत पोचले, तर तिथला जुना संगणक बिघडून गेला होता आणि मूळ फाइल त्याच्याबरोबरच गेली होती. उरला होता फक्त फोटो. मी मोबाइलवरच त्या दोन शब्दांवर पांढऱ्या चौकटी ओढल्या आणि वर नवी नावं टाकली. आकृती बरोबर झाली, पण डागाळलेली दिसू लागली, आणि डागाळलेली आकृती कुणी पुढे पाठवत नाही. वर्षभराने एका शाळेत प्रदर्शन पाहायला गेले. व्हरांड्यात चार फुटी फ्लेक्सवर तेच हृदय लावलेलं होतं, दोन्ही नावं चुकलेल्या जागीच. मुलं वहीत उतरवून घेत होती.

त्या व्हरांड्यात मला कळलं, की आकृती सुबक असून भागत नाही, नामनिर्देशित असूनही भागत नाही. ती दुरुस्त करता आली पाहिजे. आणि जिने काढली तिलाच नव्हे, तर जिच्या हातात ती पुढे पडेल तिलाही. संगणकावर आकृती काढायचं सॉफ्टवेअर निवडताना मी आता हा एकच प्रश्न आधी विचारते: माझ्यानंतरच्या माणसाला ही फाइल उघडता येईल का? बाकी सगळे प्रश्न याच्या मागून येतात.

कागदावर काढलेली आणि संगणकावर काढलेली आकृती यांत खरा फरक कुठे आहे, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सादर केली. लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तो रेघा काढत असे. पडद्यावर रेघ उमटली याचंच त्या काळी नवल वाटलं असेल; पण स्केचपॅडचं मोठेपण वेगळं होतं. दोन रेघा समांतर असल्या पाहिजेत, या दोन बाजू सारख्या लांबीच्या असल्या पाहिजेत, असं संगणकाला सांगून ठेवता येई आणि तो ते नातं सांभाळी. एक नमुना काढून त्याच्या कितीही प्रती आकृतीत वापरता येत; मूळ नमुना बदलला की सगळ्या प्रती बदलत. रेघ कुठे आहे यापेक्षा ती कशाशी जोडलेली आहे हे संगणकाला ठाऊक असणं, हीच ती नवी गोष्ट. सदरलँडना पुढे १९८८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आज आपण एक चौकट सरकवतो आणि तिला चिकटलेले बाण तिच्यामागून सरकतात, ती करामत त्या प्रबंधाच्या वंशातली आहे.

फोटोत हे नातं नसतं. फोटो म्हणजे ठिपके. ए४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापायचा तर आडवे २४८० आणि उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके लागतात. त्यातला कोणता ठिपका ‘धमनी’मधल्या ‘ध’चा आणि कोणता हृदयाच्या भिंतीचा, हे त्या फाइलला माहीत नसतं. मोठं केलं की कडा फाटतात, शब्द बदलायचा म्हटलं तर खरवडावं लागतं. याउलट ज्याला व्हेक्टर म्हणतात त्या प्रकारच्या फाइलमध्ये ठिपके नसतात, सूचना असतात: इथून इथपर्यंत रेघ, इतक्या जाडीची, या रंगाची, या जागी हा शब्द. अशी आकृती टपाल तिकिटाएवढी छापा नाहीतर फ्लेक्सएवढी, कडा तेवढीच धारदार राहते.

एसव्हीजी हा अशा फाइलचा सगळ्यात मोकळा प्रकार. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने तो २००१ मध्ये प्रमाण केला. एसव्हीजी फाइल कसल्याही महागड्या साधनाशिवाय उघडता येते, अगदी नोटपॅडमध्येही. कार्यशाळेत मी हे मुद्दाम करून दाखवते. हृदयाची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, आकड्यांच्या आणि इंग्रजी शब्दांच्या गर्दीत शोधत गेलं की मध्येच मराठीत ‘फुप्फुस शिरा’ असे दोन शब्द दिसतात. ते खोडून ‘फुप्फुस धमनी’ लिहायचं, सेव्ह करायचं, ब्राउझरमध्ये फाइल पुन्हा उघडायची. आकृतीतलं नाव बदललेलं असतं. त्या क्षणी शिक्षकांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते पाहण्यासाठी मी पुन्हा पुन्हा कार्यशाळा घेते.

आता निवडीकडे येते. आपल्याकडे आकृती म्हटलं की पहिलं नाव निघतं ते कोरलड्रॉचं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं कोरलमध्ये होतं आणि उत्तम होतं. ज्यांच्या हाताला ते बसलं आहे त्यांचं कसब मोठं आहे. पण ते विकत घ्यावं लागतं, आणि शाळेत ते असण्याची शक्यता कमी. त्यातली फाइल दुसऱ्या शिक्षिकेला पाठवली की तिला पुन्हा दुकान गाठावं लागतं. माझ्या प्रश्नाला कोरल इथेच अडखळतं. व्हिझिओचंही तेच. १९९२ पासून ते चालत आलेलं आहे, २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, मोठ्या कचेऱ्यांत आजही ते चालतं. आपल्या कामाला ते महाग आहे.

पॉवरपॉइंटबद्दल मात्र मी कुणाला नाउमेद करणार नाही. एमएस-सीआयटी करताना हजारो शिक्षकांनी ते शिकून घेतलं आहे. त्यात चौकटी आहेत, बाण आहेत, चौकटीला चिकटून राहणाऱ्या जोडरेषाही आहेत, आणि त्यांचा वापर फारच थोडे लोक करतात. साधी रेघ काढली आणि चौकट हलवली, की रेघ तिथेच लोंबकळत राहते. जोडरेषा काढली तर ती बरोबर येते. इतका एक धडा शिकला तरी पॉवरपॉइंटमध्ये बरंच काम भागतं. अडचण येते ती आकृती मोठी झाली की. स्लाइडच्या आकारात तिला कोंबावं लागतं आणि अक्षरं मुंगीएवढी होतात.

पुस्तिकेसाठी आमच्या शिक्षकगटाने दोन साधनं मुख्य धरली. पहिलं लिबरऑफिस ड्रॉ. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होऊन लिबरऑफिस उभं राहिलं. ते पूर्ण मोफत आहे, इंटरनेट नसताना चालतं, जुन्या संगणकावरही तग धरतं, आणि त्याची मेनूपट्टी मराठीत करून घेता येते. सातवीच्या मुलांना ‘घाला’, ‘संपादन’ असे शब्द पडद्यावर दिसले की त्यांची निम्मी भीती जाते. मापं मिलिमीटरमध्ये देता येतात, त्यामुळे प्रयोगाच्या मांडणीची आकृती किंवा वर्गखोलीचा आराखडा प्रमाणात काढता येतो. काहीसं जुन्या वळणाचं दिसतं खरं, पण आमच्या तालुक्यात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नाही, तिथे त्याने आमची साथ कधी सोडली नाही.

दुसरं ड्रॉ डॉट आयओ. याला डायग्राम्स डॉट नेट असंही नाव आहे, दोन्ही एकच. ब्राउझरमध्ये उघडतं, खातं काढावं लागत नाही, आणि फाइल तुमच्याच संगणकावर किंवा तुमच्याच ड्राइव्हवर राहते. संगणकावर उतरवून घेतलं तर इंटरनेटशिवायही चालतं. प्रवाह-आकृती, संस्थेची रचना, पाण्याचं जाळं, अन्नजाळं, विद्युत परिपथ अशा चौकटी-बाणांच्या कामाला याच्याइतकं सुटसुटीत साधन मी पाहिलेलं नाही. चौकटीच्या कडेवर माऊस नेला की चार बाजूंना चार फिके बाण दिसतात. त्यातला एक दाबला की पुढची चौकट जोडरेषेसकट तयार. नववीतल्या मुलीला हे दाखवायला मला एक मिनिट लागलं होतं. तिने पुढच्या तासाभरात शाळेच्या परसबागेचं अन्नजाळं काढलं, गांडुळापासून भारद्वाजापर्यंत.

त्याची आणखी एक सोय फार मोलाची आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. आकृतीचं चित्र, म्हणजे पीएनजी, काढून घेताना आकृतीची प्रत त्या चित्रातच ठेवायची का असं ते विचारतं. हो म्हटलं, की दिसायला साधं चित्र तयार होतं, कुठल्याही फोनवर दिसतं. पण तेच चित्र पुन्हा ड्रॉ डॉट आयओमध्ये उघडलं की सगळ्या चौकटी, बाण, नावं पूर्वीसारखी हलवता-बदलता येतात. ती हृदयाची आकृती अशी निघाली असती, तर तो फ्लेक्स कदाचित चुकीचा छापला गेला नसता.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून निघालं. हृदय, फूल, कान, पेशी अशा वळणदार आकारांसाठी मोफत साधनांत त्याला तोड नाही. पण ते शिकायला आठवडे द्यावे लागतात, म्हणून आम्ही त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आणि ज्यांना चित्रकलेची गोडी आहे त्यांनीच ते आधी वाचावं असं लिहिलं. २०२० मध्ये आलेलं एक्सकॅलिड्रॉ मला मनापासून आवडतं. त्यातल्या रेघा हाताने काढल्यासारख्या किंचित वाकड्या येतात, त्यामुळे पाहणाऱ्याला आकृती ‘अजून कच्ची आहे, बोला’ असं सांगते आणि लोक खरोखरच बोलतात. त्याच्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मराठी लिहिलं की छापील अक्षर येतं आणि मजा थोडी जाते. आकृती न काढता नुसती लिहून तयार करायची मर्मेडसारखी साधनं आहेत; संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावीत.

आता त्या विषयाकडे येते ज्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला: आकृतीतली मराठी. नामनिर्देशन म्हणजे नावं, आणि नावं मराठीत. इंग्रजी पुस्तकांत हे प्रकरणच नसतं, म्हणून ते आपलं आपल्यालाच लिहावं लागतं. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे ‘विद्युत’ दिसतं. नाही तिथे त्याच जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ. त्या काळातल्या लोकांनी त्याच फॉन्टवर मराठी छपाई पेलली, त्यांचे उपकार आहेतच. पण आज आकृतीतला शब्द शोधता यावा, बदलता यावा, दुसऱ्या संगणकावर शाबूत राहावा यासाठी युनिकोडला पर्याय नाही. पुस्तिकेतली प्रत्येक आकृती युनिकोडमध्ये आहे.

युनिकोड असूनही सगळं सुरळीत होतंच असं नाही. ‘वि’मधली वेलांटी टाइप करताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी, जोडाक्षरं जुळवावी लागतात, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ही जुळणी करणारा भाग ज्या सॉफ्टवेअरमध्ये नीट नाही, तिथे वेलांटी भलतीकडे जाते आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी पडतात. म्हणून आम्ही एक परीक्षा ठरवली. कोणतंही नवं साधन आलं की त्यात पहिल्यांदा टाइप करायचं: ‘दऱ्याखोऱ्यांतील विद्युतनिर्मिती, ऊर्ध्वपातन, ऱ्हास’. यात मराठीचा खास ‘ऱ्या’ आहे, वेलांटी आहे, ‘द्यु’ आहे, ‘र्ध्व’ आहे. पडद्यावर नीट दिसलं तर पीडीएफ काढायची. पीडीएफमध्ये नीट आलं तर एसव्हीजी. तिन्ही ठिकाणी उत्तीर्ण झालं तरच ते साधन पुढे वापरायचं. पडद्यावर पास आणि पीडीएफमध्ये नापास झालेली साधनं आम्ही पाहिली आहेत, म्हणून ही तिहेरी अट.

फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो’ वापरावा. दोन्ही मोफत आहेत आणि लहान आकारातही वाचता येतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, ते नजरेखालून घालावं. हिंदी वळणाचा ‘ल’ वाचता येतोच, पण दुसरी-तिसरीतल्या मुलाला फळ्यावर एक आणि तक्त्यावर वेगळा ‘ल’ दाखवण्यात काय हशील?

याच संदर्भात एक खाचखळगा इथेच सांगून ठेवते. ड्रॉ डॉट आयओतून काढलेली एसव्हीजी फाइल ब्राउझरमध्ये सुरेख दिसते, पण इंकस्केपमध्ये उघडली तर कधी कधी सगळी नावं गायब आणि त्यांच्या जागी एक इंग्रजी वाक्य. फाइल बिघडलेली नसते. ते साधन नावं वेबपानाच्या पद्धतीने लिहितं आणि इंकस्केपला ती पद्धत वाचता येत नाही. एसव्हीजी काढण्याआधी सगळ्या चौकटी निवडून ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ आणि ‘वर्ड रॅप’ या दोन खुणा काढून टाकल्या की नावं साध्या मजकुरासारखी लिहिली जातात आणि सगळीकडे दिसतात. आमच्या गटातल्या दोघींनी यापायी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, तुमची वाचावी.

आकृती पाठवण्याची बाजूही काढण्याइतकीच महत्त्वाची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र आकुंचित होऊन जेपीजी बनतं. जेपीजी हा प्रकार मुळात छायाचित्रांसाठी घडवलेला आहे, निसर्गाच्या मऊ छटांसाठी. काळ्या अक्षराच्या कडेला तो राखाडी कुसळं उभी करतो. तेच चित्र तीन गटांतून फिरलं की शिरोरेषा आणि अक्षर एकमेकांत मिसळतात. शिवाय पीएनजीत लपवलेली आकृतीची प्रतही या आकुंचनात नष्ट होते. त्यामुळे कागदाच्या क्लिपची खूण दाबायची आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं. पाच सेकंदांचा फरक आहे. वाचायला आणि छापायला पीडीएफ, कारण तिच्यात फॉन्टही बरोबर जातो. दुरुस्तीला मूळ फाइल. दोन्ही एकत्र पाठवाव्यात आणि फाइलच्या नावात तारीख घालावी, म्हणजे कोणती नवी यावरून घोळ होत नाही.

शाळेत शेवटी सगळं झेरॉक्सवर येतं, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. हृदयातला लाल आणि निळा झेरॉक्समध्ये जवळजवळ सारखाच राखाडी होतो. म्हणून आमच्या आकृतीत ऑक्सिजनयुक्त रक्ताचा बाण अखंड आहे आणि दुसरा तुटक. रंग आहेतच, पण अर्थ एकट्या रंगावर टांगलेला नाही. लाल-हिरवा नीट न ओळखणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. त्या दोषाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलग्यांमध्ये तो मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो. ती मुलं सहसा सांगत नाहीत, नुसतं चुकीचं उत्तर लिहितात.

आकृतीत काय ठेवावं आणि काय गाळावं यावर पुस्तिकेत एक प्रकरण आहे. त्यात लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाचं उदाहरण विस्ताराने दिलं आहे. हॅरी बेक या विद्युत परिपथांच्या आकृत्या काढणाऱ्या माणसाने १९३१ मध्ये तो नकाशा काढला. खरी अंतरं सोडून दिली, सगळ्या रेघा आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशांत बसवल्या. आधी तो नाकारला गेला. १९३३ मध्ये छापला आणि प्रवाशांनी उचलून धरला. गाडीत बसलेल्या माणसाला स्टेशनांमधलं अंतर नको असतं, पुढचं स्टेशन कोणतं आणि गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं. आपल्या लोकलच्या डब्यात दाराच्या वर लावलेली स्टेशनांची पट्टी पाहा, तिथेही हेच तत्त्व. वाचताना एवढं लक्षात ठेवा, की बेकला हे सुचलं ते नकाशाकाराची सवय नसल्यामुळे. तुम्हीही तुमच्या विषयाची सवय घेऊन या, चित्रकलेची नसली तरी चालेल.

सगळंच शून्यातून काढायची गरज नाही. २००४ पासून चालणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर हजारो वैज्ञानिक आकृत्या एसव्हीजीत पडून आहेत. कित्येक कुणीही वापराव्या, बदलाव्या अशा परवानगीने दिलेल्या, काही तर पूर्ण मुक्त. एकाच फाइलमध्ये अनेक भाषांतली नावं ठेवायची सोयही तिथे आहे. मराठी नावं भरली की २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाच्या लेखात तीच आकृती मराठीतून दिसते. आमच्या गटाने पहिल्या वर्षी वृक्काची आकृती घेतली. नावं भरताना ‘किडनी’, ‘मूत्रपिंड’ की ‘वृक्क’ यावर दोन दिवस वाद झाला, शेवटी पाठ्यपुस्तकातला शब्द घेतला. असे वाद व्हायला हवेत. ज्याने आकृती दिली त्याचं नाव आणि परवानगीची अट खाली लिहायला मात्र विसरू नये. तो शिष्टाचार आहे आणि बहुतेक ठिकाणी ती अटही आहे.

पुस्तिकेच्या घडणीबद्दल एवढंच सांगते, की तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत अकरा शिक्षकांनी ती मिळून लिहिली. प्रत्येक प्रकरण आधी कुणातरी अनोळखी माणसाच्या हाती दिलं, त्याच्याजवळ बसलो, आणि तो जिथे थांबला तिथे परत लिहिलं. शेवटचं प्रकरण शाळेबाहेरचं आहे, गावच्या पाणीपुरवठ्याच्या आकृतीचं, आणि ते कसं झालं हे सांगून थांबते.

विहीर, पंपघर, उंचावरची टाकी, तिथून फुटणाऱ्या तीन वाहिन्या, वस्त्या आणि ‘वॉल’, म्हणजे व्हॉल्व्ह. आम्ही ही आकृती ग्रामपंचायतीच्या कागदांवरून ड्रॉ डॉट आयओमध्ये काढली आणि ग्रामसभेत भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवली. वीस वर्षं पाणी सोडणारे वॉलमन काका मागे उभे होते. ते पुढे आले, भिंतीजवळ गेले आणि टाकीच्या खाली बोट ठेवून म्हणाले, “बाई, इथं एक वॉल हाय. कागदावर नाही, पण हाय. तो बंद केल्याबिगर वरच्या आळीला पाणी चढत नाही.” माझी नववीतली विद्यार्थिनी संगणकापाशी बसली होती. तिने टाकी थोडी वर ओढली. तिन्ही वाहिन्या तिच्यामागून वर सरकल्या. मोकळ्या जागेत तिने वॉलची खूण ठेवली, रेघ तिच्यातून नेली आणि काकांना विचारलं, “काका, याला नाव काय देऊ?” काकांनी जरा विचार केला आणि सांगितलं, “चिंचेखालचा वॉल लिव्ह. समदे तेच म्हणत्यात.” तिने तसंच लिहिलं.